पाचव्या डब्याची पलीकडची बाजू

जालना
९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय तातेराव काका,

सविनय जय भीम.

मी बुद्धभूषण हिवाळे. जालन्यात हायस्कूलला गणित शिकवतो. कोळपिंप्री स्टेशनच्या, रूळ राखणाऱ्या गँगचे मुकादम संपत हिवाळे तुम्हाला आठवत असतील, त्यांचा मी मुलगा. तुमचा नंबर मिळवून दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तुमच्या सूनबाईंनी उचलला आणि म्हणाल्या, "मामंजींना बिलकुल ऐकू येत नाही. कागद लिहा, वाचायचा लई शौक आहे त्यांना." म्हणून हे पत्र.

मी घरी कोळपिंप्री स्टेशनचं मॉडेल बांधतो आहे. आठ बाय चारचा प्लायवूड, त्यावर स्टेशन, मालधक्का, सिग्नल आणि पुढचं मोठं वळण. बाजारात जे छोटे रूळ मिळतात ते साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे. ते आपल्या जुन्या मीटरगेजचे धरले तर प्रमाण एकास साठ पडतं. म्हणजे वीस फुटी वॅगन दहा सेंटिमीटरची. हिशोब सगळा बसला, पण वॅगनपाशी अडलोय. मीटरगेज उखडून तीस वर्षं झाली, धड फोटोही मिळत नाहीत.

हा नुसता छंद नाही, तेही सांगून टाकतो. २७ मे १९८८ ला त्या वळणावर मालगाडी पडली. चौकशीत रुळाचा दोष निघाला. बाबांची मुकादमी गेली, ते परत गँगमन झाले आणि गँगमन म्हणूनच रिटायर झाले. लग्नात, पंगतीत, कुठंही गेले की "गाडी पाडली तोच का हा संपत" हे ऐकलं. बाबांचं म्हणणं एकच, "रूळ मी माझ्या हातानं लेव्हल केला होता. चाव्या वसंतानं ठोकल्या नसणार." वसंताकाका म्हणजे गँगचे चावीवाले. रोज सकाळी हातोडा घेऊन रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत जाणं हे त्यांचं काम. अकरा वर्षं दोघं एका डब्यात जेवले. त्या दिवसानंतर बाबा त्यांच्याशी बोलले नाहीत. तीन वर्षांपूर्वी वसंताकाका अंकुशनगरला वारले. बाबा मातीलाही गेले नाहीत.

आता बाबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत. गुडघे गेले. एकच धोशा लावला आहे, "मला ती गाडी पुन्हा चालताना दाखव. कोण कुठं होतं ते मी सांगतो. मी गाडी पाडली नाही, हे माझ्या माणसांना कळू दे."

यार्डात तुम्ही टीएक्सआर होता. गाड्या तपासून पास करणं तुमच्याकडे होतं, ती गाडीही तुम्हीच पास केली होती, असं बाबा म्हणतात. इंजिनापासून पाचवा डबा आधी उतरला. तो डबा कसा होता, काय काय होतं त्याला, कृपा करून लिहा. माझ्या पहिल्या वॅगनचा फोटो सोबत आहे. चुकलं असेल तिथं कान धरा.

आपला,
बुद्धभूषण

*

वाटूर
१८ फेब्रुवारी २०२५

चि. बुद्धभूषण यास अनेक आशीर्वाद.

फोटू पाह्यला. स्टेशन बराबर बांधलंस, पाण्याचा नळ सुद्धा जागेवर हाये. पण डब्याच्या तोंडाला धक्का झेलायला दोन बफर काहून लावले रे बाबा? ते ब्रॉडगेजचं सोंग. मीटरगेजला बफर एकच, मधोमध, अन् त्याच्यावरच आकडा. एक डबा दुसऱ्यावर येऊन आदळला की आकडा वरून पडायचा अन् अडकायचा. तुझा डबा पाहून मला आधी हसू आलं अन् मंग रागच आला. गणिताचा मास्तर अन् एकाच्या जागी दोन!

आता नीट वाच. डबा चार चाकी, लोखंडी, रंग विटकरी. दार मधोमध, सरकवायचं. चाकाच्या तोंडाला पेटी असती, तिच्यात तेलात भिजवलेला सुताचा चोथा. तो सुकला की पेटी तापायची, धूर निघायचा. आम्ही पेटीला उलटा हात लावून पाहायचो. पेटीच्या वर लोखंडी पट्ट्यांची कमान. हीच खरी बोलती चीज. माल भरला की कमान बसती, रिकामा झाला की उठती. चार कमानी पाह्यल्या की डब्यात किती माल हाये अन् कुठं हाये, आत न डोकावता सांगता येतं. तुझ्या डब्याला कमानी न्हाईतच. नुसती चाकं लावून डबा होत न्हाई.

गाडी पाहायची रीत अशी. इंजिनाकडून निघायचं, हातात हातोडी, एका बाजूनं गार्डाच्या डब्यापर्यंत जायचं. चाक ठोकायचं अन् ऐकायचं. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर चीर असती. गार्डाच्या डब्याला वळसा घालायचा अन् दुसऱ्या बाजूनं परत यायचं. मंग खडूनं मारायचं, फिट. बत्तीस वर्षं हेच केलं. कान त्यातच गेले, सरकारनं कानाची भरपाई काही दिली न्हाई.

त्या तारखेचं मला बराबर आठवत न्हाई. रोज छप्पन गाड्या जायच्या, कोण्या गाडीचा कोणता डबा हे कसं ध्यानात राह्यल? आता म्हाताराही झालो. डब्याचं काही आडलं तर लिहीत जा, मला बरं वाटतं.

संपतला रामराम सांग. गुडघ्याला एरंडाचा पाला गरम करून बांध म्हणावं.

तातेराव मुजमुले

*

जालना
१६ मार्च २०२५

आदरणीय काका,

जय भीम. तुमचं पत्र बाबांना वाचून दाखवलं. दोन बफरवर ते इतके हसले की ठसका लागला. मला म्हणाले, "टीएक्सार साहेब अजून तसाच आहे, बोलणं आखडूपणाचं पण माणूस लाखाचा." एरंडाचा पाला आणलाय.

बफर काढून एक केला. कमानी टाकाऊ घड्याळाच्या पट्टीतून कापल्या. बारा डबे तयार झाले. आता एक अडचण आहे, ती तुम्हीच सोडवू शकाल.

माझा डबा फार हलका, तीस ग्रॅम. हलका डबा रुळावर उड्या मारतो, म्हणून आत वजन घालावं लागतं. पाचव्या डब्याचं दार मला उघडं दाखवायचं होतं. दारापाशी वजन दिसलं असतं, म्हणून सगळे नट पलीकडच्या भिंतीला चिकटवले. तेव्हापासून डबा वळणावर दर वेळी पडतो. दर वेळी, काका. मी रूळ काढून पुन्हा बसवला, पाण्याची लेव्हल लावून तीनदा पाहिला, भिंगातून सांधे तपासले. बाबा शेजारी खुर्चीत होते. म्हणाले, "तुझाबी रूळ वाकडाच निघाला म्हण की." आणि हसायला लागले.

मग सहज म्हणून नट निम्मे अलीकडे, निम्मे पलीकडे लावले. पन्नास फेऱ्या मारल्या. एकदाही पडला नाही. पुन्हा सगळे पलीकडे लावले, पहिल्याच फेरीत आडवा. वजन वळणाच्या आतल्या बाजूला गेलं की बाहेरचं चाक हलकं होतं आणि रुळावर चढतं. डोळ्यांनी दिसतं. रूळ मात्र तोच.

खऱ्या गाडीत असं होतं का? बाबांना आठवतंय, त्या डब्यात सरकी पेंड होती. गँगनं दोन दिवस पोती उचलली. पण पोती सगळी पसरलेली, आत कशी लावली होती ते कोणाला कळायला मार्ग नव्हता. तुम्ही दोन्ही बाजूंनी पाहिला असेल म्हणून विचारतो, यार्डात त्यातला काही माल उतरवला होता का?

आपला,
बुद्धभूषण

*

जालना
४ मे २०२५

आदरणीय काका,

जय भीम. दीड महिना झाला, उत्तर नाही. काळजी वाटून फोन केला. सूनबाई म्हणाल्या, तब्येत ठणठणीत आहे, जेवतात, पेपर वाचतात, फक्त हल्ली चिडचिड करतात. माझं काही चुकलं असेल तर माफ करा.

एक गोष्ट कानावर घालायची आहे. येत्या २७ तारखेला बाबांनी माणसं बोलावली आहेत. गँगमधले दोघे अजून आहेत, ते येतील. भावकी येईल. आणि वसंताकाकांचा मुलगा सूरज, अंकुशनगरला कारखान्यात आहे, त्यालाही निरोप धाडायला लावला. सगळ्यांसमोर गाडी चालवायची आणि बाबा सांगणार, त्या दिवशी नेमकं काय झालं.

त्यांनी मातीची माणसं केली आहेत. स्वतः लेव्हल धरून उभे आहेत. वसंताकाका लिंबाखाली हातोडा उशाशी घेऊन झोपलेले. मी विचारलं, "बाबा, तुम्ही त्यांना झोपलेलं पाहिलं होतं का?" म्हणाले, "पाह्यलं न्हाई. पण झोपलाच असणार. न्हाईतर गाडी पडती कशी?"

मला हे बरोबर वाटत नाही. पोराच्या देखत त्याच्या मेलेल्या बापाला असं मांडायचं! पण बाबांना नाही म्हणायला माझ्याकडे काही पुरावा नाही. नटांचं सांगितलं तर म्हणतात, "खेळण्याचं सोड. साहेबानं दोन्ही बाजूंनी गाडी पाहून फिट दिली होती. साहेबाच्या नजरेतून एका अंगाला भरलेला डबा सुटेल का?"

आपला,
बुद्धभूषण

*

वाटूर
१५ मे २०२५

चि. बुद्धभूषण,

हे पत्र स्पीड पोस्टानं टाकून राह्यलो. २७ तारखेच्या आत पोचलंच पाह्यजे. पोचताच संपतला वाचून दाखव. एकही ओळ गाळू नको.

मला ती तारीख आठवत न्हाई हे मी खोटं लिहिलं. माझ्या पोराची जन्मतारीख विसरंल, ती न्हाई विसरणार.

तेव्हा अधिकमास चालू होता. लग्नानंतरचा माझा पहिलाच धोंड्याचा महिना. सासऱ्यानं जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावल्तं, चांदीचं ताट काढून ठेवल्तं, म्हणे बारा वाजेच्या आत या. बस साडेदहाची होती. धक्क्यावरचा माल उतरवून गाडी दहाला मोकळी झाली अन् ऊन असं की लोखंडाला हात लावला तर चटका. मालधक्क्याच्या बाजूनं मी सगळी गाडी पाह्यली, गार्डापर्यंत गेलो. तिथून वळसा घालून पलीकडून परत यायचं होतं. गेलो न्हाई. तिथल्या तिथं खडू मारला, सही केली अन् बसकडं पळालो.

पाचव्या डब्यातली निम्मी पेंड धक्क्यावर उतरवल्ती. हमाल दाराकडून उचलतेत, पलीकडची थप्पी तशीच राहती. तू दार उघडं दिसावं म्हणून पलीकडं नट लावले, तसंच. अलीकडच्या दोन कमानी उठलेल्या मी पाह्यल्या होत्या, पलीकडून गेलो असतो तर तिकडच्या दोन बसलेल्या दिसल्या असत्या. आंधळ्यालाही दिसलं असतं. मी डबा गाडीपासून सोडवून बाजूला ठेवला असता, गाडी अर्धा तास लेट झाली असती, बस्स. तुझं मार्चचं पत्र वाचलं अन् उत्तर लिहायचं टाळलं. सदतीस वर्षं जे मी कोणाला सांगितलं न्हाई, ते तू प्लायवूडवर करून दाखवलंस अन् वरतून मलाच विचारलंस, खरं का म्हणून.

दुपारी जेवून उठलो तेव्हा बातमी आली. कोणी मेलं न्हाई, हे ऐकून मला जे बरं वाटलं ते सांगता येत न्हाई. चौकशीला साहेबानं विचारलं, मुजमुले, दोन्ही बाजूंनी पाह्यलं होतं का? मी म्हणलं, हो साहेब. दोन शब्द. नोकरी लागून तीन वर्षं झाल्ती, बायको गरोदर होती, घाबरलो. मला वाटलं, दोष रुळावर जाईल, कोणाचं तरी नाव निघंल, दंड होईल, विसरून जातील. संपतची मुकादमी गेली तेव्हा मी त्याला पानाच्या टपरीवर भेटलो अन् म्हणलं, वाईट झालं. तो मलाच म्हणला, साहेब, तुमचा काय दोष. मी पान घेतलं अन् निघून गेलो. ह्याची लाज मला रोज वाटली, पण बोलण्याइतकी वाटली न्हाई.

वसंताचं मला बिलकुल ठाऊक नव्हतं. संपत त्याच्याशी बोलत न्हाई, मातीला गेला न्हाई, हे तुझ्या पहिल्या पत्रात कळलं. तरी मी तुला एरंडाचा पाला लिहून पाठवला. असा माणूस हाये मी.

तो मातीचा वसंता लिंबाखालून उचल. तो झोपला नव्हता. मी गाडी अर्धीच पाह्यली.

तातेराव

*

जालना
२९ मे २०२५

तातेराव काका,

पत्र वीस तारखेला मिळालं. मी आधी एकट्यानं वाचलं आणि तुम्हाला तोंडाला येईल त्या शिव्या दिल्या. खोटं कशाला लिहू. माझी आई कौसल्या दहा वर्षांपूर्वी गेली. जाईपर्यंत ती बाबांना म्हणायची, "तुमचंच कुठं तरी चुकलं असंल, कबूल करा अन् मोकळे व्हा." तिला हे पत्र वाचायला मिळालं नाही.

बाबांना संध्याकाळी वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, रडतील, नाहीतर पेढे आणायला सांगतील. ते म्हणाले, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. म्हणाले, "चाव्यांचं काय लिहिलंय?" मी म्हणालो, चाव्यांचं काही नाही. "म्हणजे चाव्या बराबर होत्या?" मी म्हणालो, हो बाबा. "म्हणजे वसंतानं ठोकल्या होत्या." त्या रात्री ते जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत.

२७ चा कार्यक्रम रद्द केला. भावकीतले फोन करून विचारतात, काय झालं, गाडी बिघडली का. बाबांच्या नावावरचा डाग निघाला ते चांगलंच झालं, पण ते त्यांनी अजून कोणाला सांगितलेलं नाही. तुमच्याबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं. काल मला समोर बसवून त्यांनी निरोप लिहायला सांगितला. इतकी वर्षं ते तुम्हाला साहेब म्हणत. या वेळी म्हणाले नाहीत, मीही घातलं नाही.

"तातेराव, अंकुशनगरला चल. वसंताची बायको चांगुणा तिथं असती. तुझं तू सांग, माझं मी सांगतो. जल्दी कर, माझा भरोसा न्हाई."

रविवारी ८ जूनला मी गाडी घेऊन वाटूरला येतो. सकाळी आठला तयार राहा.

बुद्धभूषण

*

वाटूर
१२ जून २०२५

चि. बुद्धभूषण,

त्या दिवशी वाटूरला सोडताना तू गाडीतून उतरला न्हाईस. संपतनं मान हलवली, एवढंच. तुम्हा दोघांचंही बराबर हाये.

घरी मुलाला अन् सुनेला सगळं सांगितलं. पोरगा दोन दिवस बोलला न्हाई. रेल्वेलाही कागद केला, चौकशीचं वर्ष, गाडीचा दिवस, माझं नाव, माझा दोष. सही ठळक केली. तिथं आता ते कोण वाचंल माहीत न्हाई. एक नक्कल तुला पाठवतो, संपतच्या हातात दे. त्यानं ती कोणाला दाखवायची त्याला दाखवावी. पंगतीत दाखवावी.

आता मी कशासाठी लिहितो ते. अंकुशनगरला ओट्यावर बसल्यावर मी सगळं बोललो. मला माझा आवाज कळत न्हाई, मी ओरडूनच बोललो असणार, कारण बाया-माणसं आपापल्या दारातून बाहेर आली अन् गल्ली गोळा झाली. एका अर्थी बरंच झालं. चांगुणाबाई माझ्याकडं पाहत होत्या, मंग मान खाली घातली. त्यांनी मला काही म्हणलं न्हाई, निदान ओठ हलले न्हाईत.

मंग संपत बोलला. तो बराच वेळ बोलला. मंग बाई बोलल्या, थोडंसंच. अन् संपत खुर्चीवरून उठला, गुडघे धड न्हाईत तरी खाली फरशीवर बसला, तिच्यासमोर. सूरज घरात निघून गेला. तू तोंड फिरवून रस्त्याकडं पाहायला लागलास. मंग बाईनं आपल्याला जेवू घातलं. मी जेवलो, संपत ताटावर नुसता बसून होता.

बाई काय बोलल्या ते मला ऐकू आलं न्हाई. गाडीत दोनदा विचारलं, तुम्ही दोघांनी सांगितलं न्हाई. मी म्हातारा माणूस, चार दिवस झोप न्हाई. काय बोलल्या ते लिहून पाठव. माझ्याबद्दल असंल तरी लिही. मी ऐकायच्या लायकीचा हाये.

तातेराव

*

जालना
२० जून २०२५

तातेराव काका,

जय भीम. रेल्वेच्या पत्राची नक्कल मिळाली. बाबांना दिली. त्यांनी ती घडी करून उशीखाली ठेवली आहे, अजून कोणाला दाखवलेली नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. तुमच्याबद्दल चांगुणाकाकू काहीच बोलल्या नाहीत.

बाबा त्यांना म्हणाले, मी वसंतावर सदतीस वर्षं खोटा आळ घेतला, त्यानं चाव्या ठोकल्या होत्या, मला माफ करा. काकू म्हणाल्या, "चाव्या ठोकल्या होत्या हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. त्याचं काही न्हाई भाऊ. पण ते गेले त्या दिवशी चार वाजेपर्यंत मी त्यांना उचलू दिलं न्हाई. सगळे म्हणत होते, ऊन वाढलं, आता न्या. मी म्हणलं, थांबा, संपतभाऊ येतेत."

बाबा म्हणाले, "मी घरीच होतो, वहिनी."

काकू म्हणाल्या, "ठाऊक हाये. सूरजला गाडीवर पाठवल्तं मी तुमाला आणायला. तुमी दारात बसल्ते. त्यानं हाक मारली अन् तुमी उठून घरात गेले."

तेव्हा बाबा खाली बसले. काकू म्हणाल्या, "उठा, फरशी तापली हाये," आणि ताटं घ्यायला आत गेल्या.

बुद्धभूषण